गॅलरीतली बाग : आषाढात ऊन जातं कुठे?

पाऊस सुरू झाला की पत्रांचा ढीग वाढतो. या वेळी सगळ्यांत जास्त पत्रं ‘झाड हिरवंगार आहे, पण फुलत नाही’ अशी आहेत. त्यातलं एक पहिलं घेतलं आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे. ज्यांची पत्रं राहिली, त्यांनी आपलं उत्तर त्यातच शोधावं.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात बाणेरला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरी बरोबर दक्षिणेला आहे. जास्वंदीच्या दोन कुंड्या आणि एक मोगरा. दिवाळीपासून होळीपर्यंत जास्वंद देवाला पुरून उरत होती. मे संपता संपता फुलं बंद झाली. आता फांद्या लांबच लांब सुटल्यात, पानं मोठाली आहेत, पण कळी नाही. नर्सरीत विचारलं तर खत वाढवा म्हणाले, म्हणून दर आठवड्याला विद्राव्य खताचा चमचा आणि मोहरीच्या पेंडीचं पाणी देते. जास्वंदीवर रोज येणारा शिंजीर पक्षीही येईनासा झालाय. काय करू?

उत्तर : आधी खत थांबवा. तुमच्या झाडाला भूक नाही, त्याला ऊन नाही.

दक्षिणेच्या गॅलरीत ऊन नाही, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण गॅलरीत उभं राहून बघा. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे आणि सूर्य उन्हाळ्यात साडेतेवीसपर्यंत उत्तरेला जातो. म्हणजे तो वाटेत आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो. पुण्यात 13 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर तो उत्तरेला सरकतो आणि परतताना जुलैच्या अखेरीला पुन्हा डोक्यावर येतो. या मधल्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीच थेट ऊन पडत नाही. पावसाचे ढग नसते तरी पडलं नसतं.

मुंबईत ही तारीख दोन दिवसांनी पुढे, कोल्हापुरात आठवडाभर आधी, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे यातून कोणाची सुटका नाही. दिल्लीकडे मात्र सूर्य कधीच माथ्यापलीकडे जात नाही. म्हणून तिकडच्या माळ्याचा ‘दक्षिणेची गॅलरी बारमाही उत्तम’ हा सल्ला तिकडे एक वेळ चालून जातो आणि आपण तो इकडे लावून बसतो.

माझी वारज्याची गॅलरी तुमच्यासारखीच दक्षिणेला आहे. चार फूट खोल, वर नऊ फुटांवर स्लॅब. भर माध्यान्हीला, म्हणजे साडेबारा-पाऊणच्या सुमारास, ऊन फरशीवर कुठवर येतं तिथे मी खडूने रेघ मारते आणि टेपने मोजते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते कठड्यापासून आठ फूट आत येतं, म्हणजे गॅलरी ओलांडून हॉलमध्ये, सोफ्याच्या पायाशी. 22 मार्चला तीन फूट. 20 एप्रिलला जेमतेम फूटभर. मेच्या मध्याला रेघ मारायला ऊनच नसतं. तुम्हीही ही रेघ वर्षभर मारून बघाच. कुठली कुंडी कुठे ठेवायची हे त्यातून जितकं कळतं, तितकं कुठल्याही खताच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता काय करायचं? तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला असेल, तर एक जास्वंद तिथल्या ग्रिलमध्ये हलवा. या दिवसांत सकाळचं तिरपं ऊन आणि उतरतीचं ऊन उत्तरेलाच मिळतं, ढग फाटले की लगेच. दुसरी कुंडी गॅलरीच्या अगदी कडेला, कठड्याजवळ, मोकळं आभाळ जास्तीत जास्त दिसेल अशी ठेवा. (कुंडी आतल्या बाजूलाच, तारेने बांधून. खाली माणसं चालतात.) लांब सुटलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापा. त्या फांद्या उजेड शोधत वाढलेल्या आहेत, कोवळ्या आणि पोकळ आहेत, आणि पिठ्या ढेकणाला असंच लुसलुशीत काही हवं असतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. फार असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थेंबभर भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारा.

कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला असेल तर तो खताचा क्षार आहे. पावसाच्या पाण्याने माती एकदा भरपूर धुऊन काढा, पाणी खालून वाहू द्या. पुढचं खत ऑगस्टच्या मध्यावर, मूठभर गांडूळखत, बास.

मोगऱ्याची काळजी नको. त्याचा मुख्य बहर चैत्र-वैशाखाचा. तो आता थांबला तर नवल नाही. त्याची खरी छाटणी माघात करायची. पाणी थोडं तोडायचं, पानं काढायची, मग शेणखत द्यायचं. तेव्हा तुमच्या गॅलरीत ऊनही असेल.

आणि दक्षिणेच्या या रिकाम्या झालेल्या जागेत सिंगोनियम, अॅग्लोनिमा, नेचे, रंगीत पानांचे बिगोनिया आणून ठेवा. एरवी हिवाळ्याच्या उन्हात त्यांची पानं करपतात. हे अडीच महिने ती जागा त्यांचीच आहे. दसऱ्यानंतर ती मंडळी आत घ्यायची आणि तिथे शेवंती मांडायची. शेवंतीबद्दल एक सांगून ठेवते : तिला कळी धरायला लांब रात्र लागते. गॅलरीत रात्रभर दिवा चालू राहत असेल, तर शेवंती नुसती पानंच काढत बसेल.

शिंजिराचं म्हणाल, तर तो मधामागे गेला. जास्वंदीच्या फुलात तो समोरून क्वचितच शिरतो. देठाशी लटकून पाकळ्यांच्या बुडाला चोचीने भोक पाडतो आणि तिथून मध ओढतो. गळून पडलेलं फूल उचलून बघा, बुडाशी बारीक चीर दिसेल. फुलं परतली की तोही परतेल. मात्र पावसाळा सरताना आला तर कदाचित ओळखू येणार नाही. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला चमकदार पोशाख उतरवतो. वरून मातकट, खालून पिवळट, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एकच काळी रेघ. ‘दुसराच कुठला पक्षी आलाय’ असं म्हणून कितीतरी जण मला फोटो पाठवतात. तो तोच असतो.

प्रश्न : ताई, नाशिकहून लिहितेय. गॅलरीत टांगलेल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, तीन अंडी आहेत, गुलाबीसर, त्यावर तांबडे-जांभळट ठिपके. पाणी घालायचं की नाही? मांजराच्या भीतीने ह्यांचं म्हणणं आहे की कुंडी आत घेऊ. सासूबाई म्हणतात हात लागला तर आई पिल्लांना टाकते.

उत्तर : कुंडी जिथे आहे तिथेच राहू द्या. बुलबुलाची जोडी घरटं ओळखते ते जागेवरून. तुम्ही कुंडी आतल्या हुकाला टांगली, तर ती दोघं जुन्या हुकाभोवती घिरट्या घालत राहतील आणि आत अंडी गार पडतील. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी हलवायला आणि बिघडवायलाही मनाई करतो. मांजरापासून वाचवायचं तर खालचं स्टूल, टेबल, कपड्यांचा स्टँड, जिथून उडी मारता येईल असं सगळं तीन-चार फूट लांब सरकवा.

पाणी घाला. मनीप्लांट आठ-दहा दिवस सहज काढतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा पुरे. पक्षी चरायला उठला की लांब नळीच्या झारीने, घरट्याच्या विरुद्ध काठाला बारीक धार सोडा. घरटं ओलं होता कामा नये, एवढंच बघायचं. जवळ जाऊन वाकून बघणं, फोनचा फ्लॅश, पाहुण्यांना दाखवणं, हे मात्र सगळं बंद. पक्षी घाबरतो हे तर आहेच, पण आपण सारखे एकाच ठिकाणी डोकावतो हे समोरच्या तारेवरचा कावळा बघत असतो.

सासूबाईंना सांगा की पक्षी माणसाच्या वासाने पिल्लं टाकत नाहीत. पण ‘हात लावू नका’ हा त्यांचा नियम घरात तसाच चालू ठेवा, तो शहाणपणाचाच आहे. सतत त्रास झाला तर अंड्यांवरची जोडी घरटं सोडून जाते.

अंडी उबायला साधारण दोन आठवडे. पिल्लं आली की नर-मादी दोघंही भरवतात आणि सुरुवातीला चोचीत असतात ते किडेच : अळ्या, नाकतोडे, पतंग. तेवढे दिवस गॅलरीत कसलीही फवारणी नको, नीमतेलाचीसुद्धा नको. अजून एक : गॅलरीचं सरकतं दार उघडं असेल आणि हॉलमधला पंखा चालू असेल, तर गोंधळलेला पक्षी आत शिरून पात्याला आपटतो. दाराला पडदा लावा किंवा दार ओढून घ्या.

बारा-तेरा दिवसांची झाली की पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. हा दिवस सगळ्यांत कठीण. शेपटी बोटभरही नाही, अंगावर पिसं आहेत, फरशीवर टुणटुण उड्या मारतंय असं पिल्लू दिसेल. ते ‘पडलेलं’ नाही, ते निघालेलं आहे. आई-बाप जवळपास ओरडत असतात, तिथेच येऊन भरवतात. फार उघड्यावर असेल तर हलक्या हाताने उचला, त्याच वेलाच्या दाट पानांत किंवा शेजारच्या कुंडीत ठेवा आणि दार लावून आत जा. दूध, भाताची पेज, पाणी असलं काही त्याच्या चोचीत घालू नका. ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू दगावतं. माझ्याकडे येणाऱ्या दुःखाच्या पत्रांत ही गोष्ट वारंवार असते, आणि प्रत्येक वेळी ती मायेपोटीच झालेली असते.

पिल्लं गेली की आठवडाभराने रिकामं घरटं काढायला हरकत नाही. बुलबुल पुढच्या विणीला बहुधा नवीन बांधतो.

प्रश्न : ठाण्याहून. घरातल्या कुंड्यांतून काळी बारीक चिलटं उठतात. माती बदलू का?

उत्तर : नको. पाणी कमी करा. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या इंचभर मातीत असतात. बोट पेराएवढं आत घालून माती कोरडी लागेपर्यंत पाणी नाही, ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून टाका, वर अर्धा इंच जाड वाळू पसरा. पिवळं चिकट कार्ड खोचलंत तर उडणारी चिलटंही कमी होतील. ठाण्याच्या पावसाळी हवेत घरातल्या झाडाचं पाणी उन्हाळ्याच्या निम्मंही लागत नाही. स्नेक प्लांटला तर गणपतीपर्यंत विसरलात तरी चालेल.

प्रश्न : आजी, मी साताऱ्याला राहतो, चौथीत आहे. आमच्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शी होती आणि ती चालायला लागली. आई म्हणते ती अळी आहे आणि औषध मारायचंय. तू आईला सांग ना, नको म्हणून.

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू फार चांगलं बघितलंस. ती लिंबू फुलपाखराची अळी असणार. लहान असताना ती काळपट-तपकिरी असते आणि पाठीवर पांढरा पट्टा, म्हणजे लांबून अगदी पक्ष्याची शी. शी कोण खाणार? म्हणून पक्षी तिला सोडून देतात.

आता रोज बघ. ती वाढताना चार वेळा कात टाकते. चौथ्यांदा टाकली की एकदम हिरवी होते, पानाच्या रंगाची. तेव्हा तिच्या पाठीला गवताच्या काडीने अगदी हळू स्पर्श कर, एकदाच. डोक्यामागून लालसर दोन टोकांचं शिंग बाहेर काढेल आणि आंबूस, उग्र वास येईल. तो मुंग्यांना आणि पक्ष्यांना पळवायला आहे. तिला परत परत त्रास देऊ नकोस.

दोनेक आठवडे खाल्ल्यावर ती खाणं बंद करेल आणि फांदीला शेपटीकडून चिकटेल. पाठीमागून एक बारीक रेशमी दोरा गुंडाळेल, विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा बांधतो तसा. मग कोष. हिरव्या पानांत असेल तर कोष हिरवा, सुक्या काटकीवर असेल तर तपकिरी. आठ-दहा दिवसांनी सकाळी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. त्याचे पंख तेव्हा ओले आणि चुरगळलेले असतात. ते सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवते. सगळ्याच अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. कधी शिंपी पक्षी येऊन नेतो, कारण त्याच्या घरट्यात पिल्लं असतात. कधी एक बारीकशी गांधीलमाशी तिच्या अंगात अंडी घालते. तुला वाईट वाटेल, पण शिंप्याला शत्रू समजू नकोस. तो दोन पानं कशी शिवतो ते शोध, तुमच्या कढीपत्त्याच्या आसपासच कुठेतरी असेल.

तुझ्या आईसाठी : ताई, झाड कमरेएवढं असेल तर चार-पाच अळ्यांनी त्याला काही होत नाही, पावसात आठवड्याभरात नवी पालवी फुटते. झाड अगदीच रोप असेल तर एक अळी मुलासाठी ठेवा आणि बाकीच्या पानासकट उचलून जवळच्या लिंबावर किंवा बेलावर सोडा. तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, अळ्यांना ती चालतात. औषध मात्र नको. तीच पानं आपण फोडणीत घालतो.

प्रश्न : नमस्कार ताई. सोलापूर. वय 74. गच्चीवर रोज पसाभर ज्वारी आणि पाणी ठेवतो. अपेक्षा चिमण्यांची, येतात कबुतरं. ती सगळी गच्ची घाण करतात. चिमण्या कशा येतील? दुसरं, परवा वडाखाली एक चिमणी दिसली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हळद लागली की काही आजार?

उत्तर : काका, नमस्कार. ज्वारी काही दिवस पूर्ण बंद करा. मन घट्ट करावं लागेल, पण मोकळ्या गच्चीवर पसरलेलं धान्य म्हणजे कबुतरांनाच आमंत्रण. एकदा त्यांची वर्दळ झाली की चिमणी तिथे टिकत नाही. कबुतरांची वाळलेली विष्ठा झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, नाकातोंडाला फडकं बांधा, मग खरडून काढा. ती कोरडी धूळ फुप्फुसांत जाणं चांगलं नाही, आणि या वयात तर मुळीच नाही.

चिमणीला धान्यापेक्षा तीन गोष्टींची जास्त गरज आहे. पहिली दाट आडोशाची : मधुमालती, कृष्णकमळ, मेंदीचं कुंपण, जिथे दहा-वीस जणी एकत्र बसून कलकलाट करू शकतात. तुमच्या गच्चीच्या जिन्यालगत मोठ्या कुंडीत किंवा पिंपात मधुमालती लावा. पाऊस आहे, या महिन्यात लावलीत तर तिसऱ्या वर्षी जिना झाकेल. दुसरी, किडे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या आणि किडेच लागतात. जिथे फवारे मारमारून एक किडा उरलेला नाही तिथे चिमणी दाणे खाऊन जाईल, घर करणार नाही. तिसरी, भोक. जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी सरांच्या फटी होत्या, फोटोफ्रेमच्या मागे जागा होती, नव्या भिंतींना काहीच नाही. लाकडी पेटी लावा, तोंड 32 मिलिमीटरचं, म्हणजे चिमणी जाईल आणि कबुतर, साळुंकी जाणार नाही. आठ-दहा फुटांवर, सावलीत. सोलापूरच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून लावलेली पेटी भट्टी होते. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून दोन-तीन पेट्या थोड्या थोड्या अंतरावर असलेल्या बऱ्या. वापरायला चिमण्या एखादं वर्षही लावतात, तोवर पेटी हलवू नका.

एक पसरट थाळीभर कोरडी बारीक माती स्लॅबच्या आडोशाला ठेवा. चिमण्या धुळीत अंघोळ करतात, पिसांतले किडे त्याने झडतात. पाण्याचं परळ उथळ हवं, दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून असतात. नुसतं पाणी फेकून ती जात नाहीत.

आता तुमची पिवळ्या गळ्याची चिमणी. तिला ना हळद लागली ना आजार आहे. ती पीतकंठ चिमणी, आपल्या घरचिमणीहून वेगळी, झाडांत राहणारी. तुमच्यासारख्या कोरड्या, विरळ झाडीच्या मुलखात ती चांगली दिसते, फक्त आपण वर बघत नाही. हीच ती चिमणी जिने पक्षितज्ज्ञ सलीम अलींना पक्ष्यांकडे वळवलं. मुंबईत 1908 साली, अकरा-बारा वर्षांचे असताना, छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, हा कुठला पक्षी म्हणून विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे सोसायटीचे चिटणीस मिलार्ड साहेबांनी त्यांना कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

तुमची नर होती की मादी हे खांद्यावरून कळेल. तांबूस-विटकरी पट्टा ठळक असेल तर नर. मादीचा पट्टा फिकट असतो आणि गळ्याचं पिवळंही पुसट. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो, कधी खांबाच्या पोकळ नळीतही. त्या वडाला जुनी फांदी तुटून झालेली ढोली आहे का, आणि आजूबाजूच्या खांबांच्या तोंडाशी ये-जा दिसते का, हे सकाळी सात-आठच्या सुमारास बघा. काही दिसलं तर मला नक्की लिहा, जागेच्या खुणेसकट. पुढच्या अंकात ते छापायला मला आवडेल.